दादा, कागद नीटच होते

(लेस्टरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, आणि २०१६ साली त्याच्यासारखंच मत दिलेल्या आपल्या सगळ्या माणसांना)

ती. दादास,


घरातलं बोलणं चव्हाट्यावर आणू नये, असं अण्णा म्हणायचे. मी आजवर ते पाळलं. या विषयावर तुला दोनदा खासगी पत्र लिहिलं. पहिल्याच्या उत्तरात तू वहिनीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बातमी कळवलीस. दुसऱ्याच्या उत्तरात एकच ओळ होती, ‘राजकारण नको, आपण भाऊ आहोत.’ भाऊ आहोत म्हणूनच लागलं आहे, दादा. परका बोलला असता तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. आता उघड लिहितो आहे, कारण तू एकटा नाहीस. २३ जून २०१६ ला लेस्टर, लंडन, बर्मिंगहॅममधल्या कितीतरी भारतीय घरांतून, युरोपीय संघ सोडायच्या बाजूनं, तुझ्यासारखंच मत पडलं. त्या मताचं पुढे आमच्याकडे काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ऑक्टोबर २०२३ मधला माझा फोन आठवतो? आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी भोसरीच्या आपल्या वर्कशॉपमधूनच बोलत होतो. यॉर्कशरच्या ग्राहकाला पाठवलेला कंटेनर फेलिक्सस्टो बंदरावर अडकून पडला होता, त्याचा तो नववा दिवस होता. मी तुझ्याकडे पैसे मागितले नव्हते. तिकडच्या एखाद्या ओळखीच्या सॉलिसिटरला विचारून, ही माणसं नेमकं काय मागताहेत ते कळवशील का, एवढंच विचारलं होतं. तू म्हणालास, “तुम्ही लोक कागदपत्रं नीट ठेवत जा रे.”

तुम्ही लोक. ज्या शॉपमध्ये तू दहावीच्या सुट्टीत लेथवर उभा राहिलास, ज्या शॉपच्या पैशांतून तुझं पहिलं विमानाचं तिकीट काढलं, त्या शॉपला तू ‘तुम्ही लोक’ म्हणालास. मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल लाइन कट झाली. लाइन कट झाली नव्हती.

कागद नीटच होते. ते कसे, हे आज सविस्तर सांगतो. तू इंजिनिअर आहेस, तुला समजेल.

फ्लँज, म्हणजे पाईप जोडायची पोलादी चकती, टर्न होऊन, भोकं पडून तयार झाला की त्याच्या कडेवर आपण पंच मारतो. साईज, क्लास, ग्रेड आणि शेवटी हीट नंबर. अण्णांची ती छोटी हातोडी अजून त्याच खिळ्याला टांगलेली आहे. हीट नंबर म्हणजे लोखंडाचा जन्मदाखला. कुठल्या भट्टीतल्या कुठल्या ओतीचा माल, ते त्या चार-पाच आकड्यांत असतं. मिलच्या टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, तोच नंबर असतो आणि त्याच्यासमोर कार्बन किती, मँगनीज किती, क्रोम किती, ताण किती सोसला, सगळं लिहिलेलं असतं. फ्लँज हातात घेतला की टीसीवरून बिलेटपर्यंत आणि बिलेटवरून भट्टीपर्यंत मागे जाता येतं. एकदा पंच पुसट उठला म्हणून अण्णांनी तयार मालाची अख्खी रास बाजूला काढली होती, तेव्हा तू तिथेच होतास. ‘नंबर वाचता येत नसेल तर ते भंगार,’ असं ते म्हणाले होते. त्या घरात कागद कसे ठेवतात हे तुला शिकवायची गरज नव्हती.

आता ज्या रशियावरच्या निर्बंधांपायी माल अडला, त्यांचं. ३० सप्टेंबर २०२३ पासून युरोपीय संघानं आणि ब्रिटननं एकाच दिवशी एक नियम लागू केला. तिसऱ्या देशात घडवलेल्या लोखंडी-पोलादी मालात रशियाचं लोखंड असेल तर तो माल आत घ्यायचा नाही. तिसरा देश म्हणजे आपण, तुर्कस्तान, चीन, सगळेच. आयात करणाऱ्यानं पुरावा ठेवायचा आणि पुरावा म्हणजे मुख्यतः मिलची टीसी. नियमामागचा हेतू मला मान्य आहे. युक्रेनच्या शहरांवर बॉम्ब पडत असताना त्या बॉम्बचा पैसा पुरवणारं लोखंड मागच्या दारानं येऊ नये, यात चूक काय? भारत सरकारची भूमिका वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सोडून कुणा देशाचे एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही. पण माझा ग्राहक मानतो, म्हणून मलाही मानावे लागतात.

तर झालं असं. एकाच हीटचे फ्लँज आम्ही दोन कंटेनरमध्ये भरले. एक जर्मनीच्या ऱ्हूर भागातल्या ग्राहकाला, एक यॉर्कशरला. बिलेट आपल्याच देशातल्या मिलचं होतं. दोन्ही कंटेनर न्हावाशेवाहून त्याच आठवड्यात निघाले. जर्मन ग्राहकाला आम्ही टीसी दिली आणि आमच्या लेटरहेडवर घोषणापत्र दिलं की, युरोपीय संघाच्या ८३३/२०१४ क्रमांकाच्या नियमावलीनुसार या मालात रशियन लोखंड नाही. माल सुटला. यॉर्कशरच्या ग्राहकालाही तीच टीसी, तसंच घोषणापत्र दिलं. त्याचा वकील म्हणाला, हे घोषणापत्र युरोपच्या कायद्याचं आहे, आमचा कायदा वेगळा आहे. शिवाय टीसीवर मिलचा पत्ता आहे, पण लोखंड कुठल्या देशात वितळवलं हे स्वतंत्र छापलेलं नाही, तर मिलचं वेगळं पत्र आणा. जर्मनीत जी टीसी पुरली ती इंग्लंडमध्ये पुरेना. मिलच्या ऑफिसात दसऱ्याची सुट्टी लागली होती. पत्र आलं, मग त्यातली वाक्यरचना बदलून मागितली गेली. कंटेनर एकवीस दिवस उभा राहिला. डेमरेज आणि गोदामाच्या भाड्यात त्या ऑर्डरचा सगळा नफा गेला आणि वर खिशातले गेले. पुढच्या वर्षी त्या ग्राहकानं ऑर्डर निम्म्यावर आणली. मालात खोट नाही, असं त्यानं स्वतः लिहून दिलं. कागदांचा ताप झेपत नाही म्हणाला.

मी त्या ग्राहकाला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही घाबरलो असतो. जून २०२२ पासून ब्रिटनमध्ये आर्थिक निर्बंध मोडले तर ‘मला माहीत नव्हतं’ असं सांगून दंडातून सुटता येत नाही. त्यामुळे बँक घाबरते, बँक घाबरली की व्यापारी घाबरतो, व्यापारी घाबरला की वकील एक कागद जास्त मागतो. तो जास्तीचा कागद शेवटी भोसरीत येऊन पडतो. आणि दादा, एका ग्राहकासाठी एक कागद लागत होता तिथे आता दोन का लागतात, याचं उत्तर तुझ्या मतपत्रिकेवर आहे.

२४ जून २०१६ ला सकाळी तू अण्णांना फोन केला होतास. स्पीकरवर होता, मी शेजारी बसून चहा पीत होतो. तू म्हणालास, “आता ब्रसेल्सनं लादलेलं काही चालणार नाही. आमचे कायदे आम्ही करू. कॉमनवेल्थला, भारताला पहिलं स्थान मिळेल. धाकट्याला सांगा, माल थेट येईल.” अण्णांना खूप आनंद झाला होता. माझा मुलगा साहेबाच्या देशात राहून साहेबाला स्वातंत्र्य मिळवून देतोय, असं त्यांनी शेजारच्या युनिटमध्ये जाऊन सांगितलं. २०१८ मध्ये ते गेले, त्यामुळे पुढचं त्यांना बघावं लागलं नाही.

ब्रसेल्सनं लादलेलं, हा शब्द मला तेव्हाही कळला नाही, आणि निर्बंधांच्या बाबतीत तर तो खराच नाही. युरोपीय संघात कुठल्याही देशावर निर्बंध घालायचे तर सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. म्हणजे ब्रिटन आत असताना ब्रिटननं होकार दिल्याशिवाय एकही ठराव होत नव्हता. उलट, बहुतेक वेळा पुढाकारच ब्रिटनचा असायचा. लंडनच्या बँका, लंडनचा विमा, ब्रिटनची गुप्तवार्ता, हे सगळं त्या ठरावांच्या मागे उभं असायचं. माझ्या जर्मन घोषणापत्रावर जो ८३३/२०१४ हा आकडा आहे ना, ती नियमावली ३१ जुलै २०१४ ची. रशियानं क्रिमिया घेतलं, नंतर १७ जुलैला मलेशियाचं विमान युक्रेनच्या आकाशात पाडलं गेलं, २९८ माणसं मेली, आणि दोन आठवड्यांत युरोपनं बँका, शस्त्रं, तेलाची यंत्रं यांवर निर्बंध घातले. तेव्हा ब्रिटन टेबलापाशी होता आणि सगळ्यांत जोर लावणाऱ्यांपैकी होता. म्हणजे ती नियमावली तुमचीच आहे, दादा. तुम्ही ती लिहिलीत, आणि मग टेबल सोडून तीच पुन्हा दुसऱ्या वहीत लिहायला बसलात.

दुसऱ्या वहीचं नाव माहीत आहे? यॉर्कशरच्या वकिलानं मला जो कायदा दाखवला तो २०१९ चा रशियावरच्या निर्बंधांचा कायदा. त्याच्या नावातच ‘ईयू एग्झिट’ हे शब्द आहेत, कंसात, छापील. मी प्रत्येक इन्व्हॉइससोबत ते नाव टाईप करतो. तुमचं सोडून जाणं माझ्या लेटरहेडवर आलं आहे.

त्या जुन्या काळाची मी आरती ओवाळत नाही. १ जुलै २०१२ पासून युरोपनं इराणच्या तेलाची वाहतूक करणाऱ्या जहाजांना विमा देणं बंद केलं. जगातल्या बहुतेक जहाजांचा दायित्व विमा मोजक्या क्लबांकडे असतो आणि त्यांतले कितीतरी लंडनचे. आपल्या रिफायनऱ्यांना, आपल्या जहाजांना ते फार जाचलं. पण तेव्हा दार एकच होतं. ते उघडं की बंद, एका ठिकाणी विचारलं की कळायचं.

२०१९ ची ती जुलैची सकाळ तरी आठव. तेव्हा तुम्ही धड आतही नव्हता आणि बाहेरही नव्हता. ४ जुलैला ब्रिटिश मरीन्सच्या मदतीनं जिब्राल्टरमध्ये ‘ग्रेस १’ हे इराणी तेलाचं जहाज धरलं. कारण काय, तर ते सीरियाच्या बानियास रिफायनरीला तेल नेत होतं आणि युरोपीय संघाचे सीरियावर निर्बंध होते. जो देश युरोपीय संघ सोडायला निघाला होता, त्यानं युरोपीय संघाच्या निर्बंधांसाठी आपले सैनिक पाठवले, आणि बाकीच्या युरोपातून पाठीशी उभं राहणारा मोठा आवाज उठला नाही. जहाजावर २४ भारतीय होते. कप्तान, चीफ ऑफिसर आणि दोन सेकंड मेट अशा चौघांना अटक झाली, चौघेही भारतीय. पंधरा दिवसांनी, १९ जुलैला, इराणनं होर्मुझच्या सामुद्रधुनीत ‘स्टेना इम्पेरो’ हे ब्रिटिश झेंड्याचं जहाज धरलं. त्यावर २३ खलाशी होते, त्यांतले १८ भारतीय.

रत्नागिरीच्या मावशीचा बाळू तेव्हा दुसऱ्याच एका टँकरवर होता, पण आखातातच होता. मावशी टीव्हीसमोरून उठत नव्हती. तिनं तुला फोन केला, “तुमच्या साहेबांनी आमची पोरं का धरली रे? आणि आता इराणनं धरली त्यांना सोडवायला कोण जाणार?” तू तिला म्हणालास, सरकार बघतंय. सरकार काय बघत होतं ते मी नंतर वाचलं. तुमचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री म्हणाले, युरोपच्या नेतृत्वाखाली आरमारी संरक्षण उभं करू. सरकार बदललं, आणि दोन आठवड्यांच्या आत, ५ ऑगस्टला, नव्या सरकारनं अमेरिकेच्या मोहिमेत नाव घातलं. ‘ग्रेस १’ १५ ऑगस्टला सुटलं, चौघांवरची कारवाईही संपली. ‘स्टेना इम्पेरो’ सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत अडकून होतं. मावशीनं त्या अडीच महिन्यांत किती नवस बोलले, ते तुला कधी कळलं नाही.

आता तुझ्या बाजूचंही बोलतो, नाहीतर म्हणशील धाकटा एकांगी लिहितो. स्वतःची वही करून तुमचं काही चांगलं झालं. जुलै २०२० मध्ये मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल ब्रिटननं ४९ नावांची पहिली यादी काढली, त्यात रशियातले सर्गेई मॅग्नित्स्की आणि सौदी पत्रकार जमाल खशोग्जी यांच्या मृत्यूंशी संबंध असलेली माणसं होती. युरोपीय संघानं तसा कायदा डिसेंबरात केला. सप्टेंबर २०२० मध्ये बेलारूसच्या लुकाशेन्कोवर ब्रिटन आणि कॅनडानं निर्बंध घातले तेव्हा युरोप अडकून बसला होता, कारण सायप्रसनं तुर्कस्तानाच्या भांडणापायी नकार धरून ठेवला होता. २०२२ च्या जूनमध्ये मॉस्कोच्या धर्मगुरूचं, पॅट्रिआर्क किरील यांचं, नाव युरोपच्या यादीतून हंगेरीनं काढायला लावलं, ब्रिटननं मात्र ते आपल्या यादीत घातलं. एकट्याला पटकन चालता येतं, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही.

पण जेव्हा खरोखर पटकन चालायची वेळ आली तेव्हा काय झालं? २२ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरायच्या दोन दिवस आधी, ब्रिटननं पाच बँका आणि तीन माणसांवर निर्बंध घातले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय संघानं, सत्तावीस देशांचं एकमत करून, रशियाच्या संसदेतल्या, म्हणजे दुमातल्या, ३५१ सदस्यांची नावं यादीत घातली. ब्रिटननं दुमाच्या ३८६ सदस्यांवर निर्बंध घातले ते ११ मार्चला. मध्ये सोळा दिवस गेले. या सोळा दिवसांत किती खाती रिकामी झाली असतील, किती विमानं आणि नौका हलल्या असतील, याचा हिशेब मी कुठे वाचला नाही. उशीर का झाला? कारण २०१८ च्या तुमच्या नव्या कायद्यात प्रत्येक नावामागे स्वतंत्र पुरावा आणि स्वतंत्र औचित्य सिद्ध करायची अट होती. पूर्वी हे ओझं अठ्ठावीस देशांची खाती मिळून उचलायची, आता ते एकट्या लंडनच्या कचेरीवर आलं होतं.

मग १५ मार्च २०२२ ला तुमच्या संसदेनं घाईनं कायदा बदलला. त्यात एक कलम घातलं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपीय संघ यांनी ज्याच्यावर निर्बंध घातले असतील, त्याच्यावर ब्रिटनलाही तातडीनं घालता येतील, ५६ दिवसांसाठी, पुरावा मागाहून जमवायचा. त्याच दिवशी तीनशे सत्तरच्या वर नावं यादीत आली. हे वाचलं तेव्हा मी शॉपमध्ये एकटाच होतो आणि मला रडू आलं, खोटं सांगत नाही. ज्या युरोपीय संघाच्या याद्यांपासून मोकळं व्हायला तुम्ही बाहेर पडलात, त्याच्याच याद्या उतरवून घेता याव्यात म्हणून कायदा करावा लागला. फरक एवढाच की पूर्वी ती यादी करताना ब्रिटनचा हात पेनावर होता. आता यादी तयार होऊन बाहेर येईपर्यंत थांबायचं. अण्णांच्या त्या सकाळच्या आनंदाचं हे असं झालं.

आणि एकदा दोन वह्या झाल्या की त्या सारख्या राहत नाहीत. समज, दुबईतली एक व्यापारी कंपनी आहे. यादीतल्या दोन रशियन माणसांचा तिच्यात ३०-३० टक्के हिस्सा आहे. युरोप आणि अमेरिका दोघांचे हिस्से एकत्र करतात, साठ होतात, कंपनी निर्बंधांखाली. ब्रिटन नुसती बेरीज करत नाही. दोघं मिळून कारभार करतात असं दिसलं तरच धरतो. म्हणजे तीच कंपनी फ्रँकफर्टमध्ये बंद आणि लंडनमध्ये चालू. त्याच ऑक्टोबर २०२३ मध्ये, माझा कंटेनर उभा होता तेव्हा, इंग्लंडच्या अपील न्यायालयानं एका बँकेच्या खटल्यात ओघात असं मत दिलं की ‘ताबा’ या शब्दाचा कायद्यातला अर्थ इतका रुंद आहे की रशियातलं सगळंच पुतिन यांच्या ताब्यात आहे असं म्हणता येईल. परराष्ट्र खात्याला खुलासा काढावा लागला. जो कायदा लंडनच्या न्यायाधीशांनाही सरळ लागत नाही, तो माझ्या डिस्पॅचच्या पोरानं समजून घ्यायचा?

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दोन पाईप जोडताना फ्लँजचे बोल्ट समोरासमोर, सारख्या ताणानं आवळायचे असतात. सगळे बोल्ट घट्ट असले पण ताण कमीजास्त असला, तर गॅस्केट एका बाजूला चेपतं आणि दुसऱ्या बाजूनं गळायला लागतं. निर्बंध असेच गळतात. ज्याच्याकडे वकील आहेत, चार देशांत कंपन्या आहेत, चार झेंड्यांची जहाजं आहेत, तो बरोबर त्या फटीतून निघतो. आणि फट बुजवायला जो नवा कागद निघतो तो माझ्यासारख्याच्या टेबलावर येतो. गेल्या दोन वर्षांत मी एकही फ्लँज रशियन लोखंडाचा केला नाही. तरी मी जितके तास पंच मारण्यात घालवले नाहीत तितके मी निर्दोष आहे हे सांगण्यात घालवले.

२०२५ चंच बघ. १८ जुलैला युरोपीय संघानं रशियन तेलाची किंमतमर्यादा ६० डॉलरवरून ४७.६० वर आणायचं ठरवलं, ब्रिटननं त्याच दिवशी तेच जाहीर केलं. वाटलं, शहाणपण आलं. पण त्याच १८ जुलैला युरोपनं वाडीनारच्या नायरा एनर्जीला यादीत घातलं, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. ब्रिटननं नायराला यादीत घातलं १५ ऑक्टोबरला. मध्ये ८९ दिवस. त्या ८९ दिवसांत माझ्या जर्मन ग्राहकाच्या प्रश्नावलीत एक नवा रकाना आला की तुम्ही किंवा तुमचे वाहतूकदार या कंपनीकडून इंधन घेता का. ब्रिटिश ग्राहकाच्या प्रश्नावलीत तो नव्हता. आमच्या टेंपोवाल्याला मी नायराचा पंप बदलायला सांगितलं, तर तो विचारतो, “शेठ, हा पंप चोरीचा आहे का?” त्याला काय सांगू? तो पंप आपल्या सरकारच्या परवानगीनं चालतो. जर्मनीत चालत नाही. इंग्लंडमध्ये जुलैत चालतो आणि ऑक्टोबरात चालत नाही.

तू म्हणशील, २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार झाला, आता तुझ्या मालावरची ड्युटी जाईल, हे आम्ही बाहेर पडलो म्हणूनच झालं. मला त्या कराराचा आनंद आहे. पण मला ड्युटीनं मारलं नव्हतं. ड्युटी कोटेशनमध्ये धरता येते. एकवीस दिवस उभा राहिलेला कंटेनर धरता येत नाही.

दादा, तू परत मत बदल असं मी म्हणत नाही. ते होऊन गेलं. माझं दुःख मताचंही तेवढं नाही. तू ज्या हक्कानं मत दिलंस, त्या हक्कानं पुढे विचारलं नाहीस, हे दुःख आहे. तुमचे कायदे तुम्ही करणार होता ना? मग त्या कायद्याची कोर कुणाला लागते आहे, हे बघायचं कामही तुमचंच होतं. मी फोन केला तेव्हा तू मला कागद नीट ठेवायला सांगितलंस. तुझ्या सरकारला एक पत्र लिहिलं नाहीस.

ते आता लिही. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाची शिखर बैठक झाली, सुरक्षा आणि संरक्षणाची भागीदारी जाहीर झाली आणि तिच्यात निर्बंधांबाबत सहकार्याचा शब्द दिलेला आहे. २०२० च्या डिसेंबरात जो व्यापार करार झाला त्यात परराष्ट्र धोरणाचं पानच तुमच्या सरकारनं नको म्हटलं होतं. साडेचार वर्षांनी ते पान उघडलं आहे. तुझ्या खासदाराच्या भेटीच्या दिवशी जा. त्याला सांग की याद्या एकाच दिवशी काढा, नाहीतर निदान तारखा जुळवा. हिश्श्यांची बेरीज कशी करायची हे दोघांनी एकदा बसून ठरवा. आणि पोलादासाठी एकच घोषणापत्र ठेवा, जे हॅम्बुर्गला चालेल तेच फेलिक्सस्टोलाही चालेल असं. यासाठी युरोपीय संघात परत जावं लागत नाही. तू तिथला मतदार आहेस, तुझं तो ऐकेल. माझं ऐकणार नाही.

पत्राची प्रत मला पाठव. तोवर मी तुला फोन करणार नाही. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

येत्या सोमवारी दोन कंटेनर निघताहेत, एक जर्मनीला, एक यॉर्कशरला. हीट एकच आहे. कागदांचे संच दोन केले आहेत.

तुझा धाकटा भाऊ,
भोसरी, पुणे